पाण्यात, तेलात, काचेत प्रकाश किती वाकतो: घरच्या साहित्यात मोजण्याची रीत

दहावीच्या पुस्तकात प्रकाशाच्या अपवर्तनाचा धडा आहे, आकृती आहे, सूत्र आहे. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला मराठवाड्यातल्या बहुतेक शाळांत पाण्याच्या ग्लासात पेन्सिल ठेवून ‘पाहा, वाकडी दिसते’ हेही होतं. पण वाकडी म्हणजे किती वाकडी? पाण्याऐवजी गोडं तेल असतं तर? या प्रश्नापाशी प्रयोग संपतो, आणि खरं म्हणजे तो तिथेच सुरू व्हायला हवा. प्रकाशाचं वाकणं हा आकडा आहे. तो पाचशे-सातशे रुपयांच्या साहित्यात दोन दशांश स्थळांपर्यंत मोजता येतो. शेतकऱ्याच्या हातातला ब्रिक्स मीटर, म्हणजे रसाची गोडी दाखवणारं उपकरण, हाच आकडा मोजतो आणि त्यावरून उसाची तोड ठरते.

आधी आकडा कशाचा ते पाहू. निर्वात जागेत प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो, पाण्यात सव्वादोन लाख, साध्या काचेत जेमतेम दोन लाख. या वेगांचं गुणोत्तर म्हणजे अपवर्तनांक. किरण तिरका शिरला की वेग बदलल्यामुळे त्याची दिशाही बदलते, आणि नियम असा: आपाती कोनाचा (येणाऱ्या किरणाच्या) साइन भागिले अपवर्तन कोनाचा (आत वाकलेल्या किरणाच्या) साइन म्हणजे अपवर्तनांक. दोन्ही कोन पृष्ठभागापासून नव्हे, पृष्ठभागाला काटकोनात काढलेल्या रेषेपासून, म्हणजे स्तंभिकेपासून मोजायचे. वहीत उत्तर चुकतं ते निम्म्या वेळा इथेच.

पुढे लागणारे आकडे (२० अंश सेल्सिअस, पिवळ्या प्रकाशासाठी):

पाणी १.३३३
२० टक्के साखरेचं पाणी १.३६४
५० टक्के साखरेचं पाणी १.४२०
शेंगदाणा तेल सुमारे १.४७
शुद्ध ग्लिसरीन १.४७३
बोरोसिलिकेट काच (प्रयोगशाळेतली परीक्षानळी) १.४७४
ॲक्रिलिक १.४९
साधी खिडकीची काच सुमारे १.५२
हिरा २.४१७

लेसर आणि टाकीची मांडणी

काचेच्या दुकानातून ४ मिमी जाडीच्या काचेची ३० सेंमी लांब, १५ सेंमी रुंद आणि १२ सेंमी उंच टाकी सिलिकॉनने चिकटवून घ्या. पाणी भरण्याआधी २४ तास वाळू द्या. यापेक्षा उंच टाकी घेऊ नका. किरण ६० अंशात काठावरून आत सोडायचा आहे. काठ पाण्याच्या फार वर असेल तर तळाला पोचायच्या आधीच तो समोरच्या भिंतीवर आदळतो. बाजारातले प्लॅस्टिकचे डबे स्वस्त असतात, पण त्यांच्या तळाला फुगवटा किंवा नक्षी असते आणि त्यात मोजमाप होत नाही.

याशिवाय लागेल ते असं: लाल पेन-लेसर, लॅमिनेट केलेला आलेख कागद, सुताराकडून नेमका ५ सेंमी उंच आणि धारदार कडांचा करून घेतलेला लाकडी ठोकळा, स्टीलची पट्टी, आणि लेसर घट्ट धरायला स्टँड. स्टँड नसेल तर दोन विटा आणि कपड्यांचे चिमटे चालतात. मात्र लेसरचं बटण हाताने दाबून धरायचं नाही. प्रत्येक दाबाला पेन हलतं आणि ठिपका दोन-तीन मिलीमीटर सरकतो. बटणावर रबर बँड किंवा चिकटपट्टी गुंडाळा.

लेसर ५ मिलिवॉटपेक्षा कमी शक्तीचा घ्या. जत्रेत मिळणाऱ्या स्वस्त हिरव्या लेसरची खरी शक्ती लेबलवर लिहिल्यापेक्षा बरीच जास्त असू शकते, आणि त्यातून न दिसणारी अवरक्त किरणंही बाहेर पडतात. मुलांच्या हातात तो नको. पाण्याचा पृष्ठभागही आरसाच असतो: ६० अंशात पडणाऱ्या साध्या प्रकाशाचा सुमारे ६ टक्के भाग उसळून वर जातो. तो कुठे जातो ते आधी शोधून तिथे काळा पुठ्ठा उभा करा, आणि बघणाऱ्यांची डोकी त्या बाजूला येऊ देऊ नका.

आता कृती.

पहिलं, आलेख कागद टाकीच्या आत तळाला सपाट चिकटवा. टाकी पाणसळीत आहे ना, ते आत थोडं पाणी टाकून चारही कोपऱ्यांत खोली सारखी आहे का यावरून पाहा. नसेल तर खाली कागदाच्या घड्या सरकवा, मग पाणी पुसून काढा.

दुसरं, लेसर काठाजवळून असा तिरका लावा की किरण टाकीच्या लांबीला समांतर जाईल आणि तळावर ठिपका पडेल. कोन साधारण ६० अंश येऊ द्या. कोनमापकाने मोजत बसू नका, तो ठोकळ्याने काढायचा आहे.

तिसरं, ठोकळा आत ठेवून असा सरकवा की ठिपका त्याच्या वरच्या, लेसरपासून दूरच्या कडेवर बरोबर पडेल. त्या कडेच्या खालचा ठोकळ्याचा पाय आलेखावर कुठे आहे ते टिपा. ठोकळा काढा. किरण आता पुढे जाऊन तळावर पडेल. दोन खुणांमधलं अंतर समजा ८.७ सेंमी आलं. ८.७ ला ५ ने भागलं की १.७४, म्हणजे आपाती कोनाचा टॅन. मोबाइलच्या कॅलक्युलेटरवर उलटा टॅन घ्या: ६०.१ अंश.

चौथं, कोरड्या टाकीतला तळावरचा ठिपका टिपून ठेवा आणि लेसरला धक्का न लावता पाणी भरा, नेमकं १० सेंमी. ठिपका लेसरच्या बाजूला सरकेल. किती सरकला ते वाचा. समजा ८.८ सेंमी.

पाचवं, हिशेब. पाणी नसताना किरण १० सेंमी खाली उतरेपर्यंत आडवा १७.४ सेंमी जातो (१० गुणिले १.७४). पाण्यात तो ८.८ ने कमी, म्हणजे ८.६ सेंमी गेला. अपवर्तन कोनाचा टॅन ०.८६, म्हणून कोन ४०.७ अंश. साइन ६०.१ म्हणजे ०.८६७, साइन ४०.७ म्हणजे ०.६५२. भागाकार १.३३.

उत्तर भलतंच आलं तर आधी कॅलक्युलेटर पाहा. तो अंशांऐवजी रेडियनवर असेल तर सगळे आकडे निरर्थक येतात. कोपऱ्यात ‘डिग्री’ची खूण हवी.

हे ठीक असेल तर पुढचा संशयित पाण्याची उंची. लाकडी आणि प्लॅस्टिकच्या बहुतेक पट्ट्यांचं शून्य टोकापासून दोन-चार मिलीमीटर आत असतं. ती पट्टी पाण्यात उभी केली की उंची तेवढीच कमी वाचली जाते. म्हणून शून्य टोकावरच असलेली स्टीलची पट्टी सांगितली. उंची भिंतीलगत वाचू नका, काचेला पाणी चढून पातळी जास्त दिसते. मधोमध वाचा. ठिपका वाचताना एक मिलीमीटर चुकला तर अपवर्तनांकात साधारण ०.००९ चा फरक पडतो. म्हणजे १.३२ किंवा १.३४ आलं तर मांडणी चांगली आहे. १.२५ आलं तर लेसर हलला आहे.

दोन गोष्टींची मात्र चिंता करू नका. एक, डोळा कुठे ठेवायचा याची. ठिपका आणि आलेखाच्या रेघा एकाच पातळीवर आहेत, त्यामुळे पाण्यातून बघताना दोन्ही सारख्याच सरकलेल्या दिसतात. दुसरी, बोअरच्या पाण्याची. आपल्याकडचं पाणी जड असतं, पण लिटरला दीड ग्रॅम क्षार असले तरी अपवर्तनांक तीन दहाहजारांशानेच वाढतो. या मांडणीला तो कळतही नाही. क्षारांचा त्रास निराळाच आहे: टाकी तशीच वाळू दिली की काचेवर पांढरा थर बसतो आणि पुढच्या वेळी ठिपका फिसकटतो. लिंबू किंवा व्हिनेगर फिरवून पुसलं की निघतो.

गढूळ पाणी मात्र चालत नाही. टँकरचं किंवा पावसाळ्यातलं गोदावरीचं पाणी असेल तर चिमूटभर तुरटी फिरवून रात्रभर ठेवा आणि वरचं निवळ घ्या. पाण्यातला किरण सगळ्या वर्गाला दिसावा असं वाटत असेल तर साडेचार लिटरला दुधाचे दोन-तीन थेंब पुरतात. चमचाभर टाकलं की किरण मधेच विरघळून जातो. तेव्हा तो वाकत नसतो, विखुरत असतो, आणि तळावर मोजण्याजोगा ठिपका उरत नाही.

मग साखर. १ किलो साखर आणि ४ लिटर पाणी म्हणजे वजनाने २० टक्के द्रावण, सुमारे ४.६ लिटर. या टाकीत १० सेंमीपेक्षा किंचित जास्त भरतं. जास्तीचं वाटीने काढून १० वर आणा. त्याच लेसरला, त्याच कोनात ठिपका ८.८ ऐवजी सुमारे ९.२ सेंमी सरकायला हवा. फरक चारच मिलीमीटरचा, म्हणून घाई केली की हातून जातो. साखर पूर्ण विरघळली तरी द्रावणात काही वेळ तारा फिरताना दिसतात. त्या जाईपर्यंत ढवळा आणि मग शांत होऊ द्या. तेलासाठी एवढी टाकी भरण्यात पैसा आहे. लहान टाकीत ५ सेंमी भरा, पण त्याच एका मिलीमीटरची चूक तिथे दुप्पट होते हे लक्षात ठेवा.

लाल आणि हिरव्या लेसरने पाण्याचे वेगवेगळे अपवर्तनांक काढून दाखवू असं काही प्रकल्पांत लिहिलेलं असतं. पाण्यात या दोन रंगांमधला फरक ०.००४ आहे आणि या मांडणीची चूक ०.००९. फरक ‘सापडला’ तर तो पट्टीचा आहे, प्रकाशाचा नाही. रंग वेगळे पाहायचे तर काचेचा लोलक घ्या, किंवा सूर्य क्षितिजापासून ४२ अंशांपेक्षा खाली असताना पाठ सूर्याकडे करून पाइपच्या फवाऱ्यात इंद्रधनुष्य पाहा.

जाता जाता एक गंमत. कोन ६० ऐवजी ५३ अंश करा आणि पाण्यावरून उसळून पुठ्ठ्यावर पडलेल्या ठिपक्याकडे पाहत लेसर त्याच्याच अक्षाभोवती हळूहळू फिरवा. एका ठिकाणी तो ठिपका जवळजवळ विझतो, पाव फेरीने पुन्हा उजळतो. पेन-लेसरचा प्रकाश बहुतेक वेळा ध्रुवित असतो, म्हणजे त्याची कंपनं एकाच दिशेत होतात, आणि या कोनाला पाणी एका दिशेचं ध्रुवण परतच पाठवत नाही.

विहीर आणि शेततळं: दिसते ती खोली

सरळ वरून पाहिलं तर पाण्याची खोली खऱ्या खोलीच्या पाऊणपट दिसते: २४ फूट पाणी १८ फूट वाटतं. हे मोजायला बारव उत्तम. परभणी जिल्ह्यातल्या वालूरच्या बारवेसारख्या जुन्या बांधकामात पायऱ्या वरपासून खालपर्यंत पाण्यातही उतरत जातात. पाण्यावरच्या आणि पाण्याखालच्या पायऱ्यांची उंची सारखी असेल तर तीच पट्टी झाली. पाण्यातली पायरी वरच्या पायरीपेक्षा बुटकी दिसते, आणि फोटो काढून दोन्हींचं गुणोत्तर काढता येतं. अट एकच, नजर शक्य तितकी सरळ खाली हवी.

कारण तिरक्या नजरेला पाऊणपटीचा नियम लागू होत नाही, आणि जिवावर बेततं ते इथेच. ३ मीटर खोल शेततळं वरून सव्वादोन मीटर दिसेल. पण काठावर उभं राहून कोणी सरळ खाली पाहत नाही. नजर स्तंभिकेपासून ७० अंशांवर असेल तर तोच तळ जेमतेम मीटरभर खोल वाटतो, म्हणजे पोराला वाटतं की छातीइतकं पाणी असेल. पाणी निवळ असेल तर धोका जास्त, कारण तळ स्पष्ट दिसतो आणि विश्वास बसतो. त्यात प्लॅस्टिकचं अस्तर शेवाळाने निसरडं झालेलं असतं आणि पाय टेकला तरी वर येता येत नाही. शेततळ्याच्या काठाला गाठी मारलेला दोर आणि हवा भरलेली ट्यूब बांधून ठेवा, आणि खोलीचा आकडा पाटीवर मोठ्या अक्षरात लिहा. कुंपण तर हवंच.

किरण बाहेर पडेचना

पाण्यातून हवेत जाताना किरण स्तंभिकेपासून दूर वाकतो. पाण्यातला कोन ४८.६ अंशांपुढे गेला की तो बाहेर पडत नाही, पृष्ठभागावरून पूर्णपणे आत परततो. हा पाण्याचा क्रांतिक कोन. साध्या काचेचा ४१, हिऱ्याचा २४ च्या आसपास.

टाकीत हे दाखवताना बहुतेक जण बाजूच्या काचेतून लेसर वर सोडतात आणि ‘कसाही धरला तरी परततोच’ म्हणून गोंधळतात. गोंधळायचं कारण नाही, हिशेब तसाच आहे. बाजूच्या भिंतीतून शिरतानाच किरण आडवा होतो. भिंतीच्या स्तंभिकेशी बाहेरचा कोन ६२ अंशांपेक्षा कमी असेल तर पाण्याच्या पृष्ठभागावर तो क्रांतिक कोनाच्या पलीकडेच पोचतो. लेसर भिंतीला जवळपास चिकटवून ६२ च्या पुढे न्या, की वरून बाहेर पडलेला ठिपका छतावर दिसेल. मग हळूहळू कोन कमी करत जा. छतावरचा ठिपका आधी भराभर सरकेल, फिका होईल आणि एका क्षणी नाहीसा होईल. हा क्षण दाखवण्यासाठीच सगळी खटपट.

काचेच्या किंवा ॲक्रिलिकच्या चौकोनी ठोकळ्यात हे कधीच जमत नाही. अपवर्तनांक १.४१४ पेक्षा जास्त असेल तर एका बाजूने शिरलेला किरण शेजारच्या बाजूने बाहेर पडूच शकत नाही. काचेच्या पेपरवेटच्या शेजारच्या बाजू चांदी लावल्यासारख्या दिसतात त्या यामुळे. ५० टक्के साखरेचं पाणी (१.४२०) ही सीमा नुकतीच ओलांडतं. त्यामुळे साध्या पाण्यात सापडलेला ६२ अंशांचा मार्ग दाट पाकात बंद होतो, हे एकाच टाकीत आधी-नंतर दाखवता येतं.

धारेतून प्रकाश नेण्याचा प्रयोग सोपा आहे. दोन लिटरच्या बाटलीला खालून चार बोटांवर तापवलेल्या खिळ्याने ५ मिमीचं भोक पाडा, समोरून लेसर बरोबर त्या भोकावर धरा आणि झाकण काढा. धारेबरोबर प्रकाशही वाकून खाली पडतो. भोकाची कड खडबडीत असेल तर धार फुटते आणि प्रकाश तिथेच सांडतो. कड ब्लेडने साफ करा.

करडईच्या तेलात नळी गायब

पारदर्शक वस्तू आपल्याला दिसते ती तिच्या कडेवर प्रकाश वाकतो आणि थोडा परततो म्हणून. बाहेरच्या द्रवाचा आणि वस्तूचा अपवर्तनांक एकच असेल तर वाकणंही नाही, परतणंही नाही, वस्तू दिसतच नाही. बोरोसिलिकेट काचेचा १.४७४ हा आकडा गाठायला लोक ग्लिसरीन आणतात. आपल्याकडे त्याहून सोयीचं करडईचं तेल आहे. ४० अंश तापमानाला त्याचा अपवर्तनांक सुमारे १.४६८ असतो, आणि तेल थंड होईल तसा दर अंशाला ०.०००४ च्या आसपास वाढतो. म्हणजे २५ अंशांच्या जवळपास तो काचेशी बरोबर जुळतो. शेंगदाणा आणि सरकी थोडी खाली राहतात, त्यात नळीची पुसट रेघ उरते.

रुंद तोंडाच्या काचेच्या भांड्यात पाऊण उंचीपर्यंत तेल घ्या. भांडं साधं असलं तरी चालेल. रिकामी परीक्षानळी आत बुडवा: चकचकीत दिसेल, कारण आत हवा आहे. आता नळीत ड्रॉपरने तेच तेल हळूहळू भरा. तेल जसं चढेल तशी नळी खालून वर पुसली जाईल. ड्रॉपरचं टोक तेलात बुडलेलं ठेवा, नाहीतर बुडबुडे अडकतात आणि तेवढेच हवेत तरंगताना दिसतात. नळीवर छापलेली अक्षरं जात नाहीत, त्यामुळे ती मागच्या बाजूला करा. लाकडी घाण्याचं तेल घेतलं असेल तर दोन-तीन दिवस निवळू द्या आणि फडक्यातून गाळा. पिवळेपणाने बिघडत नाही, साका असला तर बिघडतं.

मे महिन्यात दुपारी हा प्रयोग फसला की तेलात भेसळ आहे असं म्हणून लोक मोकळे होतात. खोलीच ४० अंशांवर असेल तर तेल १.४६८ वर उतरलेलं असतं आणि नळी पुन्हा दिसू लागते. भांडं थोडा वेळ थंड पाण्यात ठेवा. थर्मामीटर असेल तर उलट फायदा करून घ्या: तेल ४० अंशांवरून हळूहळू थंड करत नळी कोणत्या तापमानाला सगळ्यात पुसट होते ते नोंदवा. बारीक पाहिलं तर त्या क्षणीही कडेला निळसर-तांबूस झाक दिसेल, कारण तेल आणि काच एकाच रंगासाठी नेमके जुळतात, सगळ्या रंगांसाठी नाही. साध्या काचेची नळी किंवा बांगडी यात गायब होणार नाही. तिचा आकडा १.५२ आहे.

साखरेचा थर आणि रस्त्यावरचं पाणी

धुळे–सोलापूर रस्त्यावर एप्रिल-मेच्या दुपारी समोर पाणी सांडल्यासारखं दिसतं ते मृगजळ टाकीत उलटं करून दाखवता येतं. १ किलो साखर १ लिटर गरम पाण्यात विरघळवा, गार होऊ द्या, टाकीत ओता. त्यावर साधं पाणी ओतताना पळी पृष्ठभागाला टेकवून तिच्यावरून धार सोडा, नाहीतर थर मिसळतात. एक दिवस न हलवता ठेवा. सीमा धूसर झाली की लेसर बाजूने, सीमेच्या जरा वरून, आडवा सोडा. किरण सरळ न जाता कमानीसारखा खाली, दाट पाकाकडे वाकतो. पहिल्याच तासात केलं तर कमान दिसत नाही, कारण सीमा अजून तीक्ष्ण असते. आठवडाभर ठेवलं तर पाक आंबतो.

रस्त्यावर दाट हवा वर आणि तापलेली विरळ हवा खाली असते, म्हणून किरण वर वाकतो आणि आकाशच जमिनीवर दिसतं. हवेचा अपवर्तनांक अंशाला दहालाखांश भागापेक्षाही कमी बदलतो. डांबरालगतची हवा २५ अंशांनी जास्त तापलेली धरली तर एक तृतीयांश अंशाच्या आसपासच्या नजरेलाच मृगजळ दिसतं. डोळा सव्वा मीटर उंचीवर असेल तर हे दीड-दोनशे मीटर लांब. त्यापेक्षा जवळ ते येतच नाही, पुढे सरकत राहतं.

ब्रिक्स मीटर वापरताना

हातात धरायचा रिफ्रॅक्टोमीटर, ज्याला सगळे ब्रिक्स मीटर म्हणतात, क्रांतिक कोनावर चालतो. रसातून प्रिझममध्ये शिरणारा किरण एका ठरावीक कोनापुढे जाऊ शकत नाही. त्या कोनापर्यंत उजेड, पुढे अंधार. ही सीमा भिंगातून पट्टीवर दिसते, आणि रस जितका गोड तितकी वर सरकते. उसासाठी आणि मोसंबीसाठी ० ते ३२ ची पट्टी घ्या. मधाची वेगळी असते.

सुरुवात शून्याने करा. झडप उघडून प्रिझमवर पाण्याचे दोन थेंब टाका, झडप बुडबुडा न राहू देता मिटवा, उजेडाकडे धरून सीमा शून्यावर येईपर्यंत वरचा स्क्रू फिरवा. पाणी डिस्टिल्डच हवं, बॅटरीत घालायचं चालतं. लेसरच्या प्रयोगात ज्या क्षारांकडे दुर्लक्ष केलं ते इथे दिसतात: बोअरच्या पाण्याने शून्य लावलं तर प्रत्येक वाचन ०.१ ते ०.२ ने कमी येतं.

ऊस तपासताना बांधालगतची ओळ सोडून आतल्या वेगवेगळ्या ठिकाणचे ऊस घ्या. प्रत्येकाच्या खालच्या, मधल्या आणि वरच्या कांडीचा रस स्वतंत्र पाहा. एकाच कांडीवर निर्णय घेणं चूक. वरच्या कांडीचं वाचन भागिले खालच्या कांडीचं: हे १ पेक्षा बरंच कमी असेल तर ऊस कोवळा, १ च्या जवळ आलं आणि ब्रिक्स १८ ते २० च्या वर असलं तर पक्व, १ च्या पुढे गेलं तर बुडातली साखर उतरायला लागली. ताजं पाणी दिलेल्या उसाचं वाचन उतरतं. आणि ब्रिक्स म्हणजे फक्त साखर नव्हे. रसात विरघळलेलं सगळं त्यात येतं, मोसंबीत आम्लसुद्धा. जालन्याकडच्या मोसंबीचा रस फडक्यातून गाळूनच टाका. गर राहिला की सीमा धूसर होते आणि वाचणारा प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो.

आपल्याकडे सगळ्यात मोठी चूक उन्हाची. पट्टी २० अंशांसाठी आखलेली असते. साध्या उपकरणात ३० अंशांना वाचनात सुमारे ०.८ मिळवावे लागतात, ४० अंशांना दीडपेक्षा जास्त. ‘एटीसी’ लिहिलेल्या उपकरणात ही दुरुस्ती आपोआप होते, पण बहुतेकांत ती १० ते ३० अंशांपुरतीच. मार्चनंतर दुपारी बांधावर ठेवलेलं उपकरण ४० च्या पुढे सहज जातं, आणि मग एटीसी असूनही आकडा खोटा. सकाळी नऊच्या आत तपासा, उपकरण सावलीत ठेवा, आणि थेंब टाकल्यावर अर्धा मिनिट थांबा, म्हणजे रस प्रिझमच्या तापमानाला येईल. झडप उघडी ठेवून उन्हात फार वेळ रेंगाळलात तर थेंबातलं पाणी उडून वाचन चढतं.

काम झालं की प्रिझम ओल्या मऊ फडक्याने पुसा. नळाखाली सबंध उपकरण धरलं की पाणी आत शिरतं आणि पट्टी कायमची धुरकट होते. उसाच्या फडात हाताला माती असते. तीच माती फडक्यावर येऊन प्रिझमवर चरे पाडते. चरे पडले की सीमारेषा जाड होते, आणि स्क्रू कितीही फिरवला तरी ती बारीक होत नाही. अशा उपकरणाने फडाफडांची तुलना करता येईल, पण तोडीची तारीख त्यावर ठरवू नका.